‘भारतीय किंवा भारतीय मानला जाणारा’ : एका खलाशाच्या ओळखीचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं दिलेली नाहीत. दोन भाऊ आहेत, त्यांना थोरला आणि धाकटा म्हणते. धाकट्याचा मेहुणा आहे, बोटीचा शेठ आहे, मुकादम आहे. गाव, बोटीचा नंबर आणि तारखा गाळल्या आहेत, एक-दोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. करोना ओसरल्यानंतरच्या हंगामातली गोष्ट आहे, एवढं पुरे.

पार्श्वभूमी

कुलाब्यात एका संस्थेच्या खोलीत बुधवारी आणि शनिवारी मी अर्ज लिहून द्यायला बसते. मी वकील नाही. रेशनकार्डावरचं नाव, बँकेत अडकलेलं खातं, रुग्णालयाचं बिल अशी कामं येतात. ससून डॉक जवळ असल्यामुळे येणाऱ्यांत निम्मे लोक मासळीच्या धंद्यातले. थोरला त्यांतलाच, डॉकवर टोपल्या उचलणारा. एका शनिवारी तो दारात उभा राहिला. आत बोलावलं तरी आला नाही, उंबऱ्यावरूनच म्हणाला, “ताई, धाकट्याची बोट पाकिस्तानवाल्यांनी धरली.”

हे कुटुंब मूळचं डहाणूकडचं. तिथल्या पाड्यांतून दर वर्षी शेकडो पुरुष सौराष्ट्रातल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळ्यात मुकादम येतो, उचल देतो, वहीत अंगठा घेतो. पावसाळी मासेमारीबंदी उठली की माणसं वेरावळ, पोरबंदर, ओखा अशी पांगतात आणि शिमग्याला किंवा थेट मे महिन्यात परततात. उचल फिटली तर हातात चार पैसे, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा तीच वही.

वरच्या अंगाला, कच्छच्या समुद्रात, दोन्ही देशांची हद्द कागदावर अजून पक्की नाही. सर क्रीक या ९६ किलोमीटरच्या खाडीचा वाद सुटलेला नाही, त्यामुळे समुद्रातली रेघ कुठून सुरू करायची हेच ठरलेलं नाही. सिंधूच्या मुखाकडे मासळी चांगली लागते. जाळं ओढताना रात्रीत बोट प्रवाहानं सरकते. कधी तांडेलच, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, घोळ या महागड्या माशाच्या लोभानं पुढे जातो, तेही खरं. आपल्या लोकांची बाजू घेताना हे लपवण्यात अर्थ नाही. मग पाकिस्तानची मेरीटाईम सिक्युरिटी एजन्सी बोट ओढून कराचीला नेते. आपलं तटरक्षक दलही त्यांच्या बोटी धरतंच. १९८२ च्या समुद्रविषयक कराराचं ७३ वं कलम असं आहे की, दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, दोन देशांत तसा वेगळा करार असेल तरच. दोन्ही देशांनी तो करार मान्य केलेला आहे. तरीही दोन्हीकडचे तुरुंग मच्छीमारांनी भरलेले असतात.

या प्रकरणाचं दुसरं मूळ आमच्या खोलीपासून फार लांब नाही. बधवार पार्कसमोरच्या मच्छीमारनगरात २६ नोव्हेंबर २००८ च्या संध्याकाळी रबरी होडीतून दहा जण उतरले. ते पोरबंदरच्या ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी बोटीवरून मुंबईच्या जवळ आले होते. बोटीवरच्या खलाशांना त्यांनी ठार मारलं होतं. खिशात हिंदू नावांची खोटी ओळखपत्रं होती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं. त्या रात्रीनंतर समुद्रावर जाणारा प्रत्येक माणूस सुरक्षेच्या नजरेखाली आला, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. १६६ माणसं मेली होती. बायोमेट्रिक कार्डं आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, गुजरातेत बोट सुटताना टोकन घ्यायचं आणि त्यावर खलाशांची यादी द्यायची अशी पद्धत बसली. यादीत नाव नाही आणि कार्ड नाही, तर बोटीवर पाय ठेवायचा नाही.

अडचण

धाकट्याकडे कार्ड नव्हतं. मेहुण्याकडे होतं. उचलही मेहुण्यानंच घेतली होती, पण निघायच्या आठवड्यात तो तापानं पडला. मुकादम म्हणाला, “माणूस द्या नाहीतर पैसे द्या.” पैसे खर्च झाले होते. म्हणून धाकटा गेला, मेहुण्याचं कार्ड खिशात घालून. टोकनावरच्या सात नावांत मेहुण्याचं नाव होतं आणि बोटीवर धाकटा होता. मुकादमाला हे ठाऊक होतं, तांडेलालाही. शेठ आजही ठाऊक नव्हतं म्हणतो. हंगामात अशी अदलाबदल नवी नाही.

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात बोट धरली गेली. कराचीत विचारलं तेव्हा धाकट्यानं आपलं खरं नाव सांगितलं. घाबरून असेल किंवा खोटं जमलं नसेल, पण त्याचं आयुष्य वाचवणारी हीच गोष्ट ठरली असं मला आज वाटतं.

आता दोन देशांमध्ये कागद कसा फिरतो ते सांगावं लागेल, कारण सगळी गाठ तिथे आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी कॉन्सुलर ॲक्सेसचा (कैद्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याचा) करार झाला, म्हणजे २६/११ च्या सहाच महिने आधी. त्यानुसार दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. पकडलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या आत त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांची भेट मिळायला हवी. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पक्कं झालं की महिनाभरात परत पाठवायचं. कागदावर हे इतकं स्वच्छ आहे की वाचताना बरं वाटतं.

त्यातला ‘राष्ट्रीयत्व पक्कं झालं की’ हा तुकडा सगळं खातो. इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयाचा माणूस तुरुंगात भेटतो, फॉर्म भरून घेतो. तो फॉर्म परराष्ट्र मंत्रालयाकडे, तिथून गृह मंत्रालय, राज्याचं गृह खातं, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, आणि शेवटी ठाण्यातल्या एका हवालदाराच्या हातात येतो. हवालदार मोटरसायकलवरून पाड्यावर जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, पानभर अहवाल लिहितो, आणि तोच कागद पुन्हा त्याच पायऱ्या चढून दिल्लीला जातो. मोठ्या शिखर बैठकींचे फोटो आपण बघतो. सहकार्य म्हणतात ते असं हवालदाराच्या त्या पानावर उभं असतं.

आमच्या प्रकरणात तो हवालदार दोनदा गेला, दोन वेगळ्या घरी.

पहिल्यांदा गेला मेहुण्याकडे. शेठनं गुजरातच्या मत्स्यखात्याला सात नावं कळवली होती, ती टोकनावरचीच. पाकिस्तानात कैद असलेल्या माणसाची चौकशी करायला हवालदार अंगणात शिरला तर कैदी खाटेवर बसून विडी ओढत होता. अहवाल गेला : संबंधित इसम घरीच मिळून आला, माहिती खोटी. या एका ओळीनं दिल्लीच्या लेखी सातवा माणूस बोटीवर नव्हताच.

दुसऱ्यांदा, तीन-चार महिन्यांनी, धाकट्याचा स्वतःचा फॉर्म आला आणि तो भलत्याच गावी गेला. धाकट्यानं गाव म्हणून पाड्याचं नाव सांगितलं होतं. डहाणू-तलासरीत एकाच नावाचे पाडे गावोगाव आहेत. महसुली गाव कोणतं, हे त्याला तुरुंगात कोणी विचारलं नसावं, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे.

त्यात आडनावात ळ. उर्दू लिपीत ळ नाही. लिहिणाऱ्यानं ल लिहिला, त्याचं इंग्रजी करणाऱ्यानं एक स्वर बदलला, आणि इकडे आल्यावर कुणीतरी ते देवनागरीत उतरवलं तेव्हा एका वेगळ्याच समाजाचं आडनाव तयार झालं. भलत्या गावात, भलत्या आडनावाचा माणूस. अहवाल : सदर नावाचा इसम या गावात राहत नाही.

सरकारी निवेदनात दर सहा महिन्यांनी एक शब्दप्रयोग असतो : ‘भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे’ कैदी. थोरल्याला हे समजावताना मी म्हणाले की धाकटा सध्या ‘मानले जाणारे’मध्ये आहे. त्यानं बराच वेळ विचार केला. “कोण मानतंय ताई? ते मानतात की आपण?” उत्तर असं होतं की ते मानत होते. आपण नाही.

कोणते पर्याय होते

दोन्ही अहवालांची माहिती आमच्यापर्यंत आली तेव्हा बोट धरून नववा महिना चालू होता. पहिल्या अहवालाचं मेहुण्याकडूनच कळलं, दुसऱ्याचं थोरल्यानं ठाण्यात चार खेपा घातल्यावर. खोलीत पाच माणसं बसली : थोरला, मेहुणा, शेठनं पाठवलेला एक माणूस, एक ओळखीचे वकील आणि मी.

सोपा मार्ग नाव आणि गाव दुरुस्त करण्याचा होता. प्रतिज्ञापत्र करायचं की ही तीन नावं एकाच माणसाची आहेत, पाडा अमुक गावात येतो, आधार आणि शाळेचा दाखला जोडायचा. कार्डाचा विषय काढायचाच नाही. शेठच्या माणसाला एवढंच हवं होतं. कार्डाचं निघालं तर बोटीचा परवाना जाईल, आणि बाकी सहा जणांची सुटकाही लोंबकळेल, असं त्यानं तीनदा ऐकवलं. शेवटचं वाक्य धमकी होतं की काळजी, ते कळलं नाही.

दुसरा मार्ग सगळं सांगण्याचा. मेहुण्यानं ठाण्यात जाऊन जबाब द्यायचा की माझ्या कार्डावर माझा मेहुणा गेला. वकिलांना याची भीती वाटत होती आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. २००८ च्या करारात एक सहावं कलम आहे : अटक राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणावरून असेल तर प्रत्येक बाजू प्रकरण गुणदोषांवर तपासू शकते. पवईच्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात पाकिस्ताननं याच कलमाचा आधार घेतला होता. १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तो फेटाळला, १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिलेला भेटीचा हक्क या कलमानं काढून घेता येत नाही असं सांगितलं आणि पाकिस्ताननं ३६ व्या कलमाचा भंग केल्याचा निकाल दिला. पण निकाल निकालाच्या जागी. “दुसऱ्याच्या ओळखपत्रावर समुद्रात गेलेला भारतीय,” वकील म्हणाले, “हे वाक्य कराचीच्या कोर्टात कसं वाचलं जाईल याचा विचार करा.” सगळे गप्प झालो. मेहुण्यानं विडी काढली आणि परत ठेवली.

उच्च न्यायालयात रिट करता आलं असतं. त्यासाठी न्यायालयाला काय सांगायचं हे आधी ठरायला हवं होतं, म्हणजे पुन्हा कार्डाशीच येणं होतं. वर्तमानपत्रात द्यायचं, हे थोरल्याच्या डॉकवरच्या मित्रांचं म्हणणं. मी त्याला ठाम नकार दिला. बातमी आली की इकडे मथळा होतो आणि तिकडे कुणीतरी तो कापून फायलीत लावतो.

काय केलं, पहिल्या वेळी

आम्ही सोपा मार्ग घेतला. सल्ला वकिलांचा होता, पण लेखणी माझी होती, म्हणून निर्णयातला माझा वाटा मी मोठाच धरते. प्रतिज्ञापत्र केलं, ळ आणि ल यांचा खुलासा केला, तलाठ्याचा दाखला जोडला. गृह खात्याला, परराष्ट्र मंत्रालयाला आणि त्याच मंत्रालयाच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेरीत, विदेश भवनात, प्रती दिल्या. कार्डाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पाच महिने गेले. मग ठाण्यातून विचारणा आली आणि ती वाचून माझे हातपाय गार पडले. धाकटा त्या गावचा आहे हे आता मान्य होतं. प्रश्न पुढचा होता : हा इसम त्या बोटीवर होता याचा पुरावा काय? यादीत याचं नाव नाही. मग हा माणूस समुद्रात गेला कसा आणि कशासाठी?

आम्ही लपवलं ते आमच्याच प्रतिज्ञापत्रानं उघडं केलं होतं. आता चौकशीचा सूर बदलला होता. शिवाय एक व्यवहारातली भानगड. याद्यांमध्ये मच्छीमार आणि इतर नागरी कैदी असे दोन वेगळे रकाने असतात. सदिच्छा म्हणून तुकड्या सुटतात त्या बहुतेक मच्छीमारांच्या. २०१४ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत पाकिस्तानातून परत आलेल्यांत २,६६१ मच्छीमार आहेत आणि नागरी कैदी फक्त ७१. आपल्याच देशाच्या लेखी धाकटा मच्छीमार ठरत नसेल, तर तो दुसऱ्या रकान्यात गेला असता. दोन रकान्यांतलं अंतर त्या दोन आकड्यांइतकं आहे.

याच सुमारास बोटीवरचे बाकी सहा पडताळणीत पास झाले होते.

काय केलं, दुसऱ्या वेळी

मेहुणा स्वतःच आला. तोवर तो आमच्याकडे खाली मान घालून बसायचा. म्हणाला, “मी सांगतो. जे होईल ते होईल. बहीण रोज माझ्या तोंडाकडे बघते.”

जबाब द्यायचा हे ठरल्यावर कसा द्यायचा यावर आम्ही आठवडा घालवला, आणि या आठवड्याचं मला समाधान आहे. वकिलांनी आधी ठाण्याच्या अधिकाऱ्यांना भेटून सांगितलं की माणूस आपणहून येतो आहे. जबाबात एकही विशेषण ठेवलं नाही. गरिबी, नाइलाज, शेठचा दबाव हे सगळं बाहेर. कोण तापानं पडला, कोण गेला, कार्ड कुणी कुणाला दिलं, टोकन कुणी काढलं, एवढंच. मेहुण्याला रडू येत होतं तिथेही आम्ही तारीखच विचारत राहिलो. निर्दय वाटेल. पण तो कागद परक्या देशातही वाचला जाऊ शकतो, हे धरून तो लिहिला होता.

पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडला. मुकादमाच्या उचलीच्या वहीत मेहुण्याच्या नावापुढे दुसरा अंगठा होता, आणि शेजारी त्यानं आपल्या हिशेबासाठी लिहिलं होतं, ‘बदली, मेव्हणा’, पुढे तारीख. तारीख टोकनाच्या आदल्या दिवसाची. माणसांना कर्जात बांधून ठेवणारी ती वही मला कधीच आवडली नव्हती. मुकादम ती द्यायला तयार नव्हता. थोरल्यानं त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

आणि एक पत्र आलं. कराचीच्या तुरुंगातून निघालेलं, दोन्हीकडच्या तपासणीतून कित्येक महिन्यांनी पाड्यावर पोचलेलं. धाकट्याला लिहिता येत नाही म्हणून बराकीतल्या सौराष्ट्राच्या खलाशानं ते गुजरातीत लिहून दिलं होतं. मजकूर चार ओळींचा : तब्येत बरी, म्हैस विकू नका, पोरीला शाळेत घाला, शेठकडून पैसे मागा. खाली नाव. गुजरातीत ळ आहे. सव्वा वर्षात कुठल्याही कागदावर धाकट्याचं आडनाव पहिल्यांदा बरोबर लिहिलं गेलं होतं, आणि ते परदेशातल्या तुरुंगात. पत्रात तांडेलाचं आणि आणखी दोघांचं नावही होतं, त्यामुळे तो याच बोटीवर होता हे जुळलं.

जबाब, वहीच्या पानाची साक्षांकित प्रत, पत्र आणि त्याचं मराठी भाषांतर, तलाठ्याचा दाखला, सागरी पोलिसांनी दोन बाजूंनी केलेली चौकशी, हे सगळं एका पाठपुराव्याच्या पत्राखाली गेलं. वरच्या पत्रात मी शेवटी एकच विनंती लिहिली : सदर इसमाची नोंद मच्छीमार म्हणून कायम ठेवावी.

निकाल

पुढच्या चार महिन्यांत पडताळणी पूर्ण झाली. शिक्षा तर केव्हाच भोगून झाली होती. एका तुकडीबरोबर तो सुटला. कराचीहून रेल्वेनं लाहोर, तिथून वाघा. आपल्या उच्चायुक्तालयानं दिलेला तात्पुरता प्रवास-दाखला हातात, अटारीला प्रवेश. अमृतसरला चौकशी, मग रेल्वेनं वडोदरा, तिथून वेरावळ आणि शेवटी डहाणू. बोट धरल्यापासून पावणेदोन वर्षं झाली होती. म्हैस विकलेली होती.

अटारीपासून घरापर्यंत त्याला चार ठिकाणी विचारलं गेलं की कार्ड दुसऱ्याचं का होतं. प्रत्येक ठिकाणी जबाबाची प्रत आधीच पोचलेली होती, त्यामुळे प्रश्न विचारले गेले आणि संपले. सहाव्या कलमाची आमची भीती खरी ठरली नाही. ती कधीच खरी ठरली नसती असं मात्र मी म्हणणार नाही. हवा बिघडलेली असती, सीमेवर काही घडलेलं असतं, तर तोच जबाब वेगळा वाचला गेला असता. मेहुण्याचं कार्ड जप्त झालं, गुन्हा नोंदवला गेला नाही. शेठचा परवाना काही महिने निलंबित झाला. बोट कराचीतच राहिली, त्यामुळे परवान्याचा तसाही उपयोग नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

नवव्या महिन्यातली ती बैठक मला पुन्हा घ्यायची आहे. त्या दिवशी आमच्यासमोर दोन भीती होत्या, एक शेठची आणि एक कराचीच्या कोर्टाची. दुसरी खरी होती, पण पहिली खोलीत हजर होती, म्हणून तिचं वजन जास्त पडलं. वकिलांना आम्ही विचारलं, ‘सांगितलं तर काय होईल?’ विचारायला हवं होतं, ‘आपण नाही सांगितलं तर हे कुणाला, कधी कळेल?’ टोकनाची यादी सरकारकडे होती, मेहुणा अंगणात बसलेला सरकारनं बघितला होता. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, फक्त आपण पहिल्यांदा सांगण्याची संधी होती. ती गेली, आणि पाच महिने गेले. बाकी सहा पडताळणीत पास होईपर्यंत थांबून मग जबाब द्यावा, असाही एक मधला मार्ग होता. तो त्या दिवशी कुणालाच सुचला नाही.

पाड्याची चूक तर पहिल्याच आठवड्यात टाळता आली असती. थोरला उंबऱ्यावर उभा राहिला त्याच दिवशी मी महसुली गाव, तालुका, ठाणं, बापाचं नाव, आईचं नाव, आडनावाची तिन्ही रूपं, घरातल्यांचे फोटो असा एक कागद करून परराष्ट्र मंत्रालयाला पाठवायला हवा होता. म्हणजे उच्चायुक्तालयाचा अधिकारी तुरुंगात गेला तेव्हा ते त्याच्या हातात असतं. मी वाट बघत बसले, कारण नाव यादीत आलं की पुढे बघू असं मला वाटलं. बातम्यांत याद्यांचे आकडे येतात, नावं येत नाहीत. वाट कसली बघायची?

व्यवस्थेबद्दल एक तक्रार आहे. कार्ड आणि टोकन आले ते समुद्रात कोण आहे हे कळावं म्हणून. पण बंदरावर कार्ड बघतात, चेहरा बघत नाहीत; बायोमेट्रिक कार्डाचा अंगठा ऐन हंगामाच्या गर्दीत कोण तपासणार? आजारी खलाशाच्या जागी दुसरा घ्यायचा असेल तर एका दिवसात तात्पुरता दाखला मिळण्याची सोय असती, तर धाकटा आपल्या नावानं गेला असता. सोय नसते तिथे माणसं दुसऱ्याचं कार्ड घेऊन जातात, आणि मग खरोखरच खोटं कार्ड घेऊन येणारा कोण हे ओळखणं अवघड होतं.

दोन देशांबद्दल म्हणाल, तर सहकार्याची मोठी दुकानं उघडली आणि बंद झाली. मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर, सप्टेंबर २००६ मध्ये, हवानात दोन्ही देशांनी दहशतवादविरोधी संयुक्त यंत्रणेची घोषणा केली. तिचं आज कुणी नाव काढत नाही. २६/११ च्या खटल्यासाठी पाकिस्तानचा न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला, पण साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही म्हणून तिथल्या न्यायालयानं ते कामकाज ग्राह्य धरलं नाही, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आयोगाला पुन्हा यावं लागलं. कैद्यांच्या प्रश्नावर निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती होती, ती २०१३ नंतर बसलेली नाही. टिकल्या त्या दोन याद्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं चेकपोस्ट बंद झालं आणि दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं. मे महिन्यात लढाई झाली. तरी १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार होते, आपल्या यादीत त्यांचे ८१. तुरुंगात जाऊन फॉर्म भरून घेणारी माणसं कमी झाल्यावर त्या १९३ जणांत कितींच्या पाड्याचं गाव कोण विचारणार, हे मात्र मला दिसत नाही.

धाकटा आता बोटीवर जात नाही, थोरल्याबरोबर डॉकवर टोपल्या उचलतो. मागच्या वर्षी त्यानं स्वतःचं मच्छीमार कार्ड काढून घेतलं. नको असताना काढलं, “असू दे” म्हणाला. ते दाखवायला दोघं भाऊ आले होते. देवनागरीत ळ बरोबर होता. जन्मतारीख १ जानेवारी होती, ती डहाणूच्या निम्म्या तालुक्याची असते. थोरल्यानं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाला, “ताई, मागच्या बाजूला गावाचं नाव लिहून द्या. पाड्याचं नको.” मी बॉलपेननं लिहून दिलं, आणि तो ते लॅमिनेट करायला घेऊन गेला.